घरी नेलेली भाकर : घरातच अडकलेल्यांच्या प्रभुभोजनामागचा इतिहास

मार्च २०२०च्या अखेरीस कोविडमुळे ख्रिस्ती देवळं बंद झाली. १२ एप्रिलचा ईस्टर लोकांनी घरात, फोनसमोर बसून केला, आणि एक प्रश्न घरोघरी आला : पाळक, म्हणजे धर्मगुरू, देवळात एकटे भाकर मोडत आहेत, आजी घरी स्टीलच्या ताटलीत चपातीचा तुकडा घेऊन बसली आहे, तर हे प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) झालं का? महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं उघडायला १६ नोव्हेंबर उजाडला. तोपर्यंत, आणि २०२१मध्ये देवळं पुन्हा बंद झाल्यावरही, हा वाद धुमसत राहिला. एकट्या राहणाऱ्या ख्रिस्ती माणसासाठी मंडळीने, म्हणजे त्याच्या चर्चच्या समाजाने, नेमकं काय करायचं, या जुन्या प्रश्नाचंच ते नवं रूप होतं.

दुसऱ्या शतकाच्या मध्याला रोममधल्या एका ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. सभा संपली की जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन (मंडळीचे सेवक) भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस घेऊन जात. त्याच उताऱ्यात वर्गणीचा हिशेबही येतो : अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परके. म्हणजे घरी जाणारी भाकर आणि एकट्या पडलेल्यांची काळजी सुरुवातीपासून एकाच कामात मोडत होत्या.

पुढे इंग्लंडमध्ये हे काम आखडत गेलं. तिथल्या चर्चच्या १५४९च्या प्रार्थनापुस्तकात देवळातली भाकर त्याच दिवशी आजाऱ्याकडे नेण्याची मुभा होती. १५५२मध्ये ती काढली आणि पाळकाने घरीच विधी करावा असं ठरलं. १६६२च्या पुस्तकातली एक सूचना मात्र फार मोलाची आहे. आजाऱ्याबरोबर भाकर घ्यायला तीन, निदान दोन माणसं हवीत. याचा व्यवहारातला अर्थ असा की आजाऱ्याच्या घरी शेजाऱ्यांना यावंच लागे. अपवाद साथीचा : संसर्गाच्या भीतीने कोणीच येत नसेल, तर आजाऱ्याच्या खास विनंतीवरून पाळकाने एकट्यानेच त्याच्याबरोबर भाकर घेतली तरी चाले. शिवाय, ज्याला तोंडाने घेणं शक्यच नाही त्याने खरा पश्चात्ताप आणि विश्वास धरला, तर त्याच्या आत्म्याला तोच लाभ होतो, असंही त्यात लिहिलेलं आहे. २०२०मध्ये ही तिन्ही वाक्यं हाताशी होती. पहिलं वाक्य वादात फारसं कोणी काढलं नाही, याची खंत वाटते.

मराठी मुलखात अमेरिकन मिशनरी १८१३मध्ये मुंबईत आणि १८३१मध्ये अहमदनगरला स्थिरावले. बाप्तिस्मा घेतलेल्याचं घर, भावकी, पाणवठा अनेकदा तुटे. मंडळी हीच त्याची भावकी होई. १९७०मध्ये नागपुरात सहा प्रॉटेस्टंट पंथांच्या मंडळ्यांचं एकीकरण झालं आणि ॲंग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रेगेशनल, बॅप्टिस्ट अशा वेगवेगळ्या सवयी एका छताखाली आल्या. घरी भाकर कोणी न्यायची, यावर आजही गावागणिक वेगळं उत्तर मिळतं ते त्यामुळे. कॅथलिकांत १९७३पासून प्रशिक्षित प्रापंचिकांना (धर्मगुरू नसलेल्यांना) ख्रिस्तप्रसाद, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर, घरी नेण्याची परवानगी आहे. त्याआधी १९७२मध्ये तेल लावण्याचा संस्कार केवळ मरणाऱ्यांचा नसून आजाऱ्यांचा आहे, हे स्पष्ट केलं गेलं. तरी आजही फादर दारात दिसले की शेजारी घाबरून फोन करतात. म्हणून येण्याचं कारण घरच्यांना आदल्या दिवशीच सांगावं.

आता वादाकडे. तीन भूमिका होत्या. एक : फोनच्या पडद्यावरून भाकर अर्पण होत नाही, पाहणाऱ्याने आत्मिक सहभागाची प्रार्थना करावी. दुसरी : प्रभूला अंतराची अडचण नाही, घरातली भाकर चालते. तिसरी : सगळ्यांनीच उपवास धरावा, देवळं उघडेपर्यंत कोणीच घेऊ नये. गुंता वाढवला तो ‘सहभागिता’ या शब्दाने. आपण प्रभुभोजनालाही पवित्र सहभागिता म्हणतो आणि मंडळीच्या एकमेकांतल्या नात्यालाही सहभागिता. एक बाजू पहिल्या अर्थाने बोलत होती, दुसरी दुसऱ्या. ‘सहभागिता झाली’ म्हणजे भाकर मिळाली, की कोणी भेटलं? घरात एकट्या बसलेल्या विधवेला दोन्ही हवं होतं, आणि पडद्याने फार तर एक दिलं. पडद्याला बंदी घालणाऱ्यांपैकी ज्यांनी बदल्यात दर आठवड्याला फोनही केला नाही, त्यांची भूमिका शास्त्राला धरून असली तरी अपुरी होती.

निर्बंध उठल्यावर घरभेटी पुन्हा सुरू झाल्या. मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशी, आणि घरात एकच म्हातारं माणूस, अशी घरं भेटींच्या यादीत बरीच असतात. भेट तीस मिनिटांची धरावी, त्यातली पहिली दहा नुसती ऐकायची. पाळकाबरोबर दोघं हवीत, एक शक्यतो शेजारचं. टीव्ही बंद, माणूस उशांना टेकवून ताठ बसलेलं. स्टुलावर स्वच्छ कापड, पेल्यात द्राक्षारस म्हणून काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, गाळलेलं पाणी. ते फ्रिजमध्येही फार दिवस ठेवू नये, आंबतं. भाकरीचा तुकडा नखाएवढा आणि रसात भिजवलेला, कारण कोरडा तुकडा टाळूला चिकटतो. पक्षाघातानंतर गिळायला त्रास असेल तर आधी घरच्यांना विचारावं. नळीने अन्न चालू असेल तर तोंडात काहीही देऊ नये, तिथे १६६२चं तिसरं वाक्य वाचून दाखवावं. विस्मरण झालेल्यांना प्रभूची प्रार्थना लहानपणी पाठ केलेल्या शब्दांतच आठवते. नवं भाषांतर तिथे काढू नये.

सगळ्यात जास्त बिघडतं ते दोन ठिकाणी. घरचे लोक चहा करायला स्वयंपाकघरात जातात आणि विधी संपल्यावरच बाहेर येतात. त्यांना आधी बसवावं, चहा नंतर. दुसरं, पुढची भेट ‘लवकरच’ म्हणून सांगितली जाते. उठण्यापूर्वी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या भेटीची तारीख पेनने लिहावी, मोठ्या अक्षरात, पलंगावरून दिसेल अशी. जमणार नसेल, तर त्या तारखेच्या आदल्या दिवशी फोन करून नवी तारीख त्यांच्याच हाताने लिहून घ्यावी.