योलास्वेइनार

आइसलँडमध्ये नाताळच्या दिवसांत मुलांना भेटी देणारे तेरा भाऊ. पहिला १२ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी डोंगरातून उतरतो, मग रोज रात्री एकेक जण येतो. तेरावा २४ तारखेला पोहोचतो. २५ डिसेंबरपासून ते आले त्याच क्रमाने परतू लागतात आणि ६ जानेवारीला शेवटचाही निघून जातो. मुले खिडकीत बूट ठेवून झोपतात. सकाळी त्यात छोटी भेट सापडते. खोड्या फार झाल्या असतील तर बटाटा.

मूळच्या कथांत हे भाऊ कोणाला काही देत नसत. ते चोर होते, आणि त्यांची नावे बहुतेक चोऱ्यांवरूनच पडली आहेत. एक जण लाकडी पळी चाटतो, दुसरा भांड्याची खरवड पळवतो, तिसरा गोठ्यात शिरून दुधाच्या बादलीवरचा फेस खातो. स्किरगौमुर ताव मारतो तो स्कीरवर, म्हणजे श्रीखंडाच्या चक्क्यासारख्या घट्ट दुग्धपदार्थावर. एक भाऊ पलंगाखाली दडून बसतो, कारण जुन्या शेतघरांत माणसे पलंगावर बसूनच झाकणाच्या लाकडी वाडग्यात जेवत. केत्क्रोकुर धुराड्यातून आकडा सोडून आढ्याला टांगलेले मांस ओढून घेतो. शेवटचा क्यर्तास्नीकिर मुलांच्या मागे लागतो मेणबत्तीसाठी. ती चरबीची असल्याने उजेड देई आणि खाताही येई. खरवडसुद्धा जपावी लागे अशा घरांच्या हिवाळ्याची भूक या कथांत साठली आहे. या भावांना निव्वळ गमतीची पात्रे मानले की तीच नजरेआड होते.

त्यांची आई ग्रीला ही राक्षसीण. तिचे नाव १३व्या शतकातील लेखनात आढळते; या मुलांची आई म्हणून ती १७व्या शतकातील काव्यात दिसते. द्वाड मुले पकडून ती शिजवून खाते. बाप लेप्पालूदी आळशी. घरात एक अजस्र मांजर आहे. नाताळला नवा कपडा न मिळालेल्याला ते खाते, अशी समजूत. मुलांना या मंडळींची इतकी भीती घातली जाई की, आइसलँड डेन्मार्कच्या अमलाखाली असताना १७४६ मध्ये राजाज्ञेने असे घाबरवण्यास मनाई करण्यात आली.

भावांची संख्या आणि नावे प्रदेशागणिक बदलत. लोककथा संग्राहक योन आर्नासोन यांच्या संग्रहात १८६२ मध्ये तेरा नावे छापली गेली. योहान्नेस उर कोत्लुम या कवीने १९३२ मध्ये मुलांसाठी त्यांच्यावर कविता प्रसिद्ध केली आणि आजची नावे व येण्याचा क्रम तिच्यामुळे रूढ झाला. बुटात भेट ठेवण्याची चाल युरोपच्या मुख्य भूमीवरील संत निकोलसच्या प्रथेतून २०व्या शतकात आली. त्याच काळात भावांच्या अंगावर सांताक्लॉजचा लाल पोशाखही चढला. रेक्याविकच्या राष्ट्रीय संग्रहालयात मात्र डिसेंबरमध्ये मुलांना भेटायला ते जुन्या शेतकऱ्यांच्या लोकरी कपड्यांत येतात.