पावसाळ्यात ड्रायर ‘चालत नाही’ का?

‘बाहेर हवाच ओली, तर ड्रायरमध्ये कांदा कसा वाळणार?’ निर्जलीकरणाच्या धंद्यात वर्षानुवर्षं ऐकू येणारा हा प्रश्न. गडबड आर्द्रतेच्या आकड्यात आहे.

आपण म्हणतो ती ९० टक्के ही सापेक्ष आर्द्रता: त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावेल, त्याच्या ९० टक्के. २५ अंशांच्या अशा हवेत दर किलो कोरड्या हवेमागे साधारण १८ ग्रॅम वाफ असते. तीच हवा ६५ अंशांपर्यंत तापवली की सापेक्ष आर्द्रता ११-१२ टक्क्यांवर येते. वाफ मात्र १८ ग्रॅमच! हीटर हवेतलं पाणी काढत नाही, हवेची तहान वाढवतो.

ही हवा कांद्यावरून जाऊन ४० अंशांना बाहेर पडली, तर प्रत्येक किलोमागे सुमारे १० ग्रॅम पाणी घेऊन जाते. म्हणजे एक किलो पाणी काढायला अंदाजे १०० किलो हवा. आता हाच हिशेब २५ अंश, ४० टक्के आर्द्रतेच्या हवेसाठी करा. उत्तर पुन्हा १० ग्रॅमच्या आसपास! कारण पाण्याची वाफ करणारी उष्णता येते ती हवेच्या थंड होण्यातून, आणि ती घट दोन्हीकडे ६५ वरून ४०, म्हणजे २५ अंशांचीच.

फरक पडतो तो शेवटी. कोरड्या दिवसांत हवा आणखी गार होईपर्यंत वापरता येते, पावसाळ्यात ती लवकर भरते. शिवाय वाळलेल्या चकत्या पॅकिंगच्या खोलीत उघड्या राहिल्या तर पुन्हा ओल धरतात, आणि बोल मात्र ड्रायरला लागतो.