निळ्या त्रिकोणाचे निशाण : दक्षिण येमेनचा जुना झेंडा परत कसा आला

येमेनचा अधिकृत ध्वज लाल, पांढऱ्या आणि काळ्या अशा तीन आडव्या पट्ट्यांचा आहे. २०१५ नंतर एडनच्या तपासणी नाक्यांवर, लष्करी गाड्यांवर आणि घरांच्या भिंतींवर जो झेंडा सर्रास दिसू लागला, त्यात पट्टे तेच होते. पण काठीच्या बाजूला आकाशी निळा त्रिकोण आणि त्यात लाल तारा होता. हा झेंडा ज्या देशाचा, तो देश १९९० सालीच नकाशावरून गेला. शिवाय एडन ही येमेनच्या मान्यताप्राप्त सरकारची तात्पुरती राजधानी. आपल्याकडे येमेनच्या बातम्या हुथी (उत्तरेतले बंडखोर), सौदी आणि इराण या तीन नावांत आटोपतात. दक्षिणेचे हे निशाण बाजूला ठेवले, तर ते युद्ध अर्धेच कळते.

एडन हे नाव मराठी वाचकाला परके नाही. वासुदेव बळवंत फडके यांना इंग्रजांनी तिथल्या तुरुंगात ठेवले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. त्यांना तिकडे धाडणे इंग्रजांना सोपे होते, कारण एडनचा कारभार मुंबई इलाख्यातूनच चाले. १८३९ मध्ये कॅप्टन हेन्सने हे बंदर घेतल्यापासून १९३२ पर्यंत ही व्यवस्था टिकली. त्या काळात उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखावर कधी ऑटोमन तुर्कांचा, कधी झैदी या शिया पंथाच्या इमामांचा अंमल होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज आणि तुर्कांनी मिळून आखलेली रेषाच पुढे दोन येमेनची सरहद्द झाली. दक्षिणेचे वेगळेपण हे अलीकडच्या पुढाऱ्यांनी रचलेले कुभांड आहे, असे उत्तरेत म्हटले जाते. मला ते पटत नाही. शंभराहून अधिक वर्षांचा वेगळा कारभार, वेगळे कायदे आणि समुद्राकडे तोंड असलेले बंदर यांतून लोकांची जडणघडणही वेगळी होते.

३० नोव्हेंबर १९६७ रोजी इंग्रज गेले. सत्ता हाती घेतली ती राष्ट्रीय मुक्ती आघाडीने, आणि निळ्या त्रिकोणाचा हा झेंडा त्याच दिवशी राष्ट्रध्वज झाला. इंग्रजांनी जाता जाता स्थानिक सुलतानांना जोडून दक्षिण अरबस्तानचे एक संघराज्य उभे केले होते. त्याचा चंद्रकोर आणि तारा असलेला ध्वज एका दिवसात इतिहासजमा झाला. नवे राज्य लवकरच मार्क्सवादी झाले आणि १९७० मध्ये त्याने ‘पीपल्स डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ येमेन’ हे नाव घेतले. अरब जगातले ते एकमेव उघड मार्क्सवादी राज्य. तिथे मुलींच्या शाळा होत्या आणि स्त्रियांना हक्क देणारा कुटुंब कायदा होता, तशीच एकपक्षीय दहशत आणि तुरुंगही होते. जानेवारी १९८६ मध्ये पक्षाच्या दोन गटांनी एडनच्या रस्त्यांवर एकमेकांवर रणगाडे घातले. काही दिवसांत हजारो माणसे मेली. हरलेला गट उत्तरेला पळाला; त्यात पुढे येमेनचे अध्यक्ष झालेले अब्दरब्बू मन्सूर हादी होते.

या जखमेतून दक्षिण सावरलीच नाही. सोव्हिएत मदतही आटली. २२ मे १९९० रोजी उत्तरेचे अली अब्दुल्ला सालेह आणि दक्षिणेचे अली सालेम अल-बीद यांनी एकीकरण जाहीर केले. दक्षिणेने त्रिकोण आणि लाल तारा सोडला, उत्तरेने आपला हिरवा तारा. ध्वजावर दोघांनी सारखाच त्याग केलेला दिसतो, सत्तेत मात्र तसे घडले नाही. १९९३ च्या निवडणुकीत ३०१ पैकी सालेह यांच्या पक्षाला १२३ आणि इस्लामवादी इस्लाह पक्षाला ६२ जागा मिळाल्या. दक्षिणेचा समाजवादी पक्ष ५६ जागांवर तिसरा राहिला. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. २१ मे १९९४ रोजी अल-बीद यांनी दक्षिणेचे स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केले, आणि ७ जुलैला उत्तरेच्या फौजा एडनमध्ये शिरल्या. त्यानंतर शहराची लूट झाली. दक्षिणेचे हजारो सैनिक आणि अधिकारी सक्तीने घरी बसवले गेले, जमिनी सत्तेच्या जवळच्यांकडे गेल्या. लोकसंख्येने लहान असलेल्या दक्षिणेकडे तेलाचा मोठा वाटा होता, त्यामुळे हा सल अधिकच खोल गेला.

झेंडा परत येण्याआधी एक गोष्ट व्हावी लागली, आणि या साऱ्या इतिहासात मला ती सर्वांत मोलाची वाटते. २००६ च्या जानेवारीत, १९८६ च्या हत्याकांडाला वीस वर्षे होत असताना, तेव्हाच्या दोन्ही बाजूंची माणसे एडनमध्ये एकत्र आली आणि त्यांनी परस्परांना माफ करण्याचा संकल्प सोडला. हा समेट झाला नसता, तर त्या निशाणाखाली दक्षिण एकवटली नसती, कारण १९८६ मध्ये दोन्ही बाजू त्याच निशाणाच्या नावाने लढल्या होत्या. पुढच्या वर्षी निवृत्त लष्करी अधिकारी पेन्शन आणि पुनर्नियुक्तीची मागणी घेऊन रस्त्यावर उतरले. ७ जुलै २००७ या, पराभवाच्याच तारखेला एडनमध्ये मोठे निदर्शन झाले. सरकारने गोळ्या आणि अटकसत्राने उत्तर दिले. पेन्शनची मागणी बघता बघता वेगळ्या देशाची मागणी झाली, आणि ‘हिराक’ नावाच्या या चळवळीच्या मोर्च्यांत जुना झेंडा उघड फडकू लागला. तो बाळगणे हेच अटकेला पुरेसे कारण होते. एडनचे ‘अल-अय्याम’ हे जुने वृत्तपत्र मे २००९ मध्ये सरकारी दडपणाखाली बंद पडले, आणि त्याच महिन्यात अल-बीद यांनी परदेशातून पुन्हा स्वातंत्र्याची हाक दिली.

जुन्या राष्ट्रध्वजाची ताकद इथे कळते. तो हाती असला की फुटून निघण्याची भाषा करावी लागत नाही. आमचे राज्य होते, संयुक्त राष्ट्रांत त्याची जागा होती, ते परत द्या, एवढेच म्हणता येते. त्या राज्याची विचारसरणी परत हवी होती असे मात्र नाही. १९९० नंतर जन्मलेली मुले हा झेंडा गालांवर रंगवत होती. २०१५ मध्ये हुथींनी एडनवर चाल केली तेव्हा त्यांच्याशी लढणाऱ्यांत सलफी, म्हणजे कट्टर सुन्नी पंथाचे लोक, मोठ्या संख्येने होते, आणि २०१७ मध्ये ऐदरूस अल-झुबैदी यांनी दक्षिण संक्रमण परिषद स्थापली तेव्हा उपाध्यक्ष झाले ते हानी बिन ब्रैक हे सलफी धर्मगुरू. लाल तारा समाजवादी पक्षाचा, पण त्यावर धार्मिक मंडळींनीही हरकत घेतली नाही. तो तारा आता १९९४ ची आठवण झाला होता. संयुक्त अरब अमिरातीच्या पाठबळावर परिषदेने ऑगस्ट २०१९ मध्ये एडन ताब्यात घेतले आणि एप्रिल २०२० मध्ये स्वयंशासन जाहीर केले. काही महिन्यांतच ते मागे घ्यावे लागले.

दक्षिणेच्याच पूर्व भागातल्या हद्रामौत प्रांतामध्ये मात्र हे निशाण सगळ्यांना आपले वाटत नाही. १९६७ पर्यंत मुकल्ला बंदरावर कुऐती सुलतानांचे राज्य होते. त्यांच्या पूर्वजांनी निजामाच्या अरबी पलटणींत जमादारी करून पैसा आणि वजन मिळवले होते, आणि मराठवाड्यातली चाऊस घराणी अशाच अरब शिपायांची वंशज आहेत. मुक्ती आघाडीने ती सुलतानशाही बुडवली, म्हणून अनेक हद्रमींच्या लेखी हा झेंडा एडनहून लादलेला आहे. २०२३ मध्ये रियाधमध्ये हद्रामौत राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. साऱ्या येमेनचा एक तृतीयांशाहून अधिक भूभाग आणि त्याच्या तेलाचा मोठा साठा या एकट्या प्रांतात आहे.