खडकीचा माळ आणि रणांगणातल्या वस्तू

गणेशखिंडीतून खडकीकडे जाताना दोन्ही बाजूंना आता विद्यापीठ, लष्करी हद्द आणि वस्ती लागते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी याच माळावर पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या फौजेने इंग्रजांच्या लेफ्टनंट कर्नल बर याच्या पलटणींवर चाल केली. ऐन वेळी मराठ्यांची घोडी दलदलीत रुतली, हल्ल्याचा जोर मोडला आणि त्यांचे सरदार मोरोपंत दीक्षित पडले. बाराव्या दिवशी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पुण्यात युद्धवस्तूंचा संग्रह म्हटलं की सुरुवात इथूनच करावी लागते, कारण या युद्धातल्या वस्तू आधी जमवल्या त्या जिंकणाऱ्यांनी.

त्या काळी लढाईत हाती लागलेला ऐवज विकून त्याचा पैसा सैन्यात हुद्द्याप्रमाणे वाटण्याची इंग्रजांची रीत होती. दख्खनच्या लुटीच्या वाटणीवरून विलायतेत वर्षानुवर्षं वाद चालले. त्र्यंबकेश्वरच्या देवळातला, पुढे दुसऱ्या बाजीराव पेशव्याकडे आलेला नासक हिरा याच लुटीत लंडनला गेला. १८५१ मध्ये ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मंजूर झालं. त्याच्या फितीवर ‘किरकी’, ‘पूना’, ‘कोरीगाम’ अशा लढाईच्या नावांच्या पट्ट्या असत. पण ते तोवर हयात असलेल्यांनाच मिळायचं होतं, म्हणजे लढाईला तेहतीस-चौतीस वर्षं उलटल्यावर. एतद्देशीय शिपायांपैकी फार थोड्यांपर्यंत ते पोचलं. म्हणूनच संग्राहक आज त्यासाठी जीव टाकतात. मला मात्र त्या न पोचलेल्या पदकांचंच जास्त वाईट वाटतं.

आपल्याकडे रणातली वस्तू कपाटात मांडून ठेवायची पद्धत नव्हती. पडलेल्या माणसाचा वीरगळ, म्हणजे स्मारकाचा कोरीव दगड, गावाच्या वेशीवर किंवा देवळापाशी उभा राहायचा, घरच्या वीराचा टाक देव्हाऱ्यात बसायचा. तलवार खंडेनवमीला खाली काढायची, पुसून तेल लावायचं, हळदकुंकू वाहायचं आणि पुन्हा जागेवर ठेवायची. १८७८ च्या हत्यार कायद्याने परवान्याची अट घातली. १९१० मध्ये राजवाडे-मेहेंदळ्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं आणि पुण्यात जुन्याचा शोध शिस्तीने सुरू झाला, तरी आपल्या अभ्यासकांचा ओढा कायम कागदाकडे राहिला. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती जमवल्या, त्यांत शस्त्रंही आली. त्यांचा संग्रह १९७५ मध्ये त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला.

पुण्याचं नाव पुढे आणखी दूरच्या रणांगणावर गेलं. ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी ‘पूना’ डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून इराकमधल्या कुत-अल-अमाराला वेढ्यात अडकली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. त्यात मराठा पलटणी होत्या. त्या पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक हातात आलं तर राजाचा मुखवटा नंतर बघावा, आधी कड फिरवावी. तिथे क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. अक्षरं झिजलेली असली तरी उन्हात तिरपं धरलं की लागतात. नोकरचाकर, खेचरवाले यांना हेच पदक काशाचं मिळालं. चांदीची पुष्कळ पदकं पुढे सराफाच्या मुशीत गेली, आणि प्रत्येकाबरोबर कडेवरचं एक नाव वितळलं.

बंदुकीच्या गोळीवर असं नाव नसतं. जमिनीत राहिलेल्या शिशाच्या गोळीवर पांढुरका थर चढतो, कशावर तरी आदळलेली असेल तर ती एका अंगाने चपटते. एवढंच ती स्वतःहून सांगते. पण कुठल्या शेतात, किती खोल, कोणत्या गोळ्यांच्या शेजारी सापडली याची नोंद असेल, तर पलटण कुठे उभी होती आणि गोळीबार कुठून झाला हे काढता येतं. ती जागा सोडून गोळी रविवारी जुन्या बाजारात चादरीवर आली की तिचं मोल फक्त वजनाचं उरतं. विक्रेता सांगेल ती लढाई तिला चिकटते.

मोठ्या संग्रहालयांनाही हे चुकलेलं नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आलेली आणि आधी साताऱ्यात मांडलेली वाघनखं मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याकडून तिकडे गेली, आणि हा डफ स्वतः खडकीच्या लढाईत होता. पेटीवरची पट्टी ती शिवरायांची असल्याचं सांगते. पण तीच ती वाघनखं, हे पडताळून पाहता येत नाही, असं ते संग्रहालयच म्हणतं.

कायद्याचं थोडक्यात. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा नियम १८७८ चा आहे. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. आणि खोदकामात गंजलेला तोफगोळा किंवा बॉम्ब दिसला तर तो उचलू नये, घासू नये, भंगारवाल्याला देऊ नये. शंभर वर्षं पुरलेली दारूही फुटते. लांब उभं राहून ११२ ला फोन करावा आणि पोलीस येईपर्यंत कुणाला जवळ जाऊ देऊ नये.