पेशंट चिनी असतील तर कॅलिफोर्नियाच्या ५० तासांच्या सीएमईत काय धरतात, कागद कुठले ठेवायचे

सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, तिकडे खाली सॅन गॅब्रिएल व्हॅली, या भागातल्या क्लिनिकमध्ये काम करणारे आपले मराठी डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात. माझे निम्मे पेशंट चिनी आहेत, कोणी कँटनीज बोलतं कोणी तोयसानीज, तर त्यांच्यासाठी म्हणून काही शिकलो तर ते लायसन्सच्या तासांत धरतील का? धरतात, पण कोर्स कुठला आणि त्याला क्रेडिट कसलं आहे त्यावर सगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी कोणाला लागू ते. मेडिकल बोर्ड ऑफ कॅलिफोर्नियाचं चालू लायसन्स असेल तर दर २ वर्षांनी रिन्यू करताना सीएमईचे, म्हणजे डॉक्टर झाल्यावरही चालू ठेवायच्या शिक्षणाचे, ५० तास पूर्ण पाहिजेत. तुम्ही भारतात एमबीबीएस करून इथे रेसिडेन्सी केलीत तरी लायसन्स तेच, नियम तोच. डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक पदवीच्या डॉक्टरांचं बोर्ड वेगळं आहे, त्यांनी हे वाचून हिशेब करू नये. लायसन्स इनॅक्टिव्ह करून ठेवलं असेल तर तास लागत नाहीत, पण मग पेशंटही बघता येत नाहीत.

तास धरतात ते कॅटेगरी वनचे. कोर्स देणारी संस्था एसीसीएमईची (सीएमई देणाऱ्या संस्थांना मान्यता देणारी अमेरिकन संस्था) किंवा कॅलिफोर्निया मेडिकल असोसिएशनची मान्यता असलेली पाहिजे, नाहीतर अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ फॅमिली फिजिशियन्सचं प्रिस्क्राइब्ड क्रेडिट पाहिजे. म्हणजे कम्युनिटी कॉलेजात जाऊन मँडरिनचा क्लास केलात तर पेशंटला त्याचा खूप फायदा होईल, जरूर करा, पण त्याला हे क्रेडिट नसेल तर ५० मध्ये तो येणार नाही. चायनीज अमेरिकन मेडिकल सोसायटी न्यूयॉर्कला १९६३ पासून आहे, अशा संस्थांच्या मीटिंगचं पत्रक आलं की आधी क्रेडिटची ओळ वाचायची, मग फी भरायची.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मुद्दा. २००५ साली एबी ११९५ नावाचा कायदा झाला, १ जुलै २००६ पासून लागू आहे, त्यात म्हटलंय की पेशंटच्या उपचाराशी संबंध असलेल्या सीएमई कोर्समध्ये पेशंटची संस्कृती आणि भाषा याचाही भाग असलाच पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासून इम्प्लिसिट बायसचा, म्हणजे नकळत मनात असलेल्या पूर्वग्रहाचा भागही त्यात घालावा लागतो. लोकांना वाटतं की याचे वेगळे इतके तास दाखवायचे असतात. तसं नाहीये. ही जबाबदारी कोर्स तयार करणाऱ्याची आहे, डॉक्टरला त्याचा वेगळा रकाना भरायचा नसतो.

डॉक्टरवर असलेली अट वेगळीच आहे आणि ती चायनाटाऊनमध्ये काम करणाऱ्यांना बरोब्बर लागते. तुम्ही जनरल इंटर्निस्ट किंवा फॅमिली फिजिशियन असाल आणि २५ टक्क्यांपेक्षा जास्त पेशंट ६५ वर्षं किंवा त्यावरचे असतील तर २० टक्के सीएमई, म्हणजे ५० पैकी १० तास, वृद्धांच्या आरोग्यावर पाहिजे. तिथल्या वेटिंग रूममध्ये सगळे आजी-आजोबाच असतात, त्यामुळे हे विसरू नका. शिवाय पेन मॅनेजमेंट आणि शेवटच्या आजारातली काळजी यावरचे १२ तास आयुष्यात एकदा, लायसन्स मिळाल्यापासून ४ वर्षांत किंवा दुसऱ्या रिन्यूअलपर्यंत, जे आधी येईल ते. रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्टना यातून सूट आहे.

मग उरलेले तास कशावर घालवायचे? इथे मी अगदी मनापासून सांगते, समोर मिळेल तो ऑनलाइन कोर्स क्लिक करत बसू नका. हिपॅटायटिस बी आधी घ्या. चीनमध्ये जन्मलेल्या कितीतरी लोकांना तो जन्माच्या वेळी आईकडून आलेला असतो, काही त्रास नसतो, आणि एकदम लिव्हरचा कॅन्सर समोर येतो. २०२३ पासून सीडीसी, म्हणजे अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था, सांगतंय की १८ वर्षांवरच्या प्रत्येकाची आयुष्यात एकदा तरी हिपॅटायटिस बीच्या रक्तातल्या तिन्ही मार्कर्सची टेस्ट करा. दुसरं औषधांचं. कार्बामाझेपिन हे फिट्सवरचं औषध सुरू करायच्या आधी आशियाई वंशाच्या पेशंटची एचएलए-बी १५०२ ही जीनची टेस्ट करा, असं एफडीएने (अमेरिकेची औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २००७ मध्येच सांगितलंय, कारण कातडी सोलवटणारी भयानक रिअ‍ॅक्शन येऊ शकते. आणि रक्त पातळ करायचं वॉरफरिन चालू असलेले आजोबा घरी दानशेन या चिनी मुळीचा काढा घेत असतील तर रक्त जास्तच पातळ होतं, पण तुम्ही विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नाही, आपल्याकडे काढ्याचं असतं तसंच. डायबेटिसची तपासणी आशियाई लोकांत बीएमआय २३ पासूनच करायची, हे तर आपल्या मराठी पेशंटनाही लागू आहे.

मी पहिल्यांदा एका आजींच्या पाठीवर लालजांभळे पट्टे बघितले तेव्हा घरात कोणी मारतं की काय असंच मनात आलं होतं, नंतर कळलं ते ग्वा शा, चमच्याने किंवा गुळगुळीत दगडाने पाठ खरवडतात. त्या दिवशी दुभाषा नव्हता, नातू सांगत होता. लहान मुलांकडून असं भाषांतर करून घ्यायला फेडरल नियमाने इमर्जन्सी सोडून मनाई आहे. दुभाष्याबरोबर काम कसं करायचं यावरचा कॅटेगरी वन कोर्स मिळाला तर सोडू नका.

कागदांचं सोपं आहे. रिन्यूअल ब्रीझ या ऑनलाइन सिस्टिमवर होतं, तिथे सर्टिफिकेट अपलोड करायची नसतात, तास पूर्ण केले असं स्वतः लिहून द्यायचं असतं. पण बोर्ड दरवर्षी काही जणांचं ऑडिट करतं, म्हणून सर्टिफिकेट किमान ४ वर्षं जपून ठेवा. त्यावर तुमचं नाव, कोर्सचं नाव, तारीख, संस्था, तास आणि क्रेडिटचा प्रकार सगळं दिसलं पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी लायसन्सवरचंच नाव द्यावं, म्हणजे पुढे खुलासे करत बसावं लागत नाही. ऑडिटमध्ये तास कमी निघाले तर पुढच्या रिन्यूअलपर्यंत ते भरून काढायचे, शिवाय त्या खेपेचे ५० वेगळे. खोटं लिहून दिलं तर मात्र ती शिस्तभंगाची केस होते.

स्पेशॅलिटी बोर्डाची परीक्षा पास झालात तर ४ वर्षांचे मिळून १०० तास धरतात. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू ठेवलेल्यांनी तिकडचे ५ वर्षांतले ३० क्रेडिट आणि इकडचे ५० तास असे दोन हिशेब दोन फायलींत ठेवावेत. आजारपण, लष्करी सेवा किंवा खरीच मोठी अडचण असेल तर बोर्डाकडे फॉर्म भरून सूट मागता येते, ती नाकारली गेली तर तास पूर्ण होईपर्यंत लायसन्स रिन्यू होत नाही, म्हणून हा अर्ज शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.