अस्वल पिढ्यांचं, हत्ती कालचा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात अस्वलापासून कसं जपायचं हे वनखात्याने शिकवायच्या आधीपासून लोकांना ठाऊक आहे. कणकुंबी, जांबोटी, हेम्माडग्याच्या पायवाटांवर जुनी माणसं खोकत, मोठ्याने बोलत, काठी आपटत चालतात. अस्वलाची नजर अधू, त्यात वारूळ उकरताना तोंड मातीत. माणूस एकदम पुढ्यात आला की ते दचकून अंगावर येतं आणि पंजा बहुधा चेहऱ्यावरच मारतं. पाठीवर पिल्लं असली तर विचारूच नका. उन्हाळ्यात फणस, जांभळं, काजू माणसालाही हवे आणि अस्वलालाही, म्हणून झुंजूमुंजू आणि तिन्हीसांजेला एकट्याने रानात शिरायचं नाही. गव्याचं सोपं: वाट त्याची, आपण बाजूला व्हायचं.

वाघाची गोष्ट वेगळी. इंग्रजांच्या काळात तो मारल्याबद्दल सरकार बक्षीस देई. 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदूक खाली ठेवायला लावली. शेजारच्या दांडेलीत 1956 पासून अभयारण्य होतंच, 2007 मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला (आताचा काळी व्याघ्र प्रकल्प), आणि डिसेंबर 2011 मध्ये खानापुरातच भीमगड अभयारण्य जाहीर झालं. गवळी, पास्तोली, आमगाव, तळेवाडी ही गावं त्याच्या पोटात आली.

हत्तीबद्दल मात्र आजोबांनी काहीच सांगून ठेवलं नव्हतं. दांडेली-हल्याळच्या रानातले हत्ती उत्तरेकडे सरकू लागले. काळी नदीवरची धरणं, खाणी, तुटलेलं जंगल ही कारणं अभ्यासक सांगतात. 2002 मध्ये ते पुढे सिंधुदुर्गातही उतरले. दिवसाला दीडेकशे किलो चारा लागणाऱ्या जनावराला पिकलेलं भात आणि ऊस म्हणजे वाढलेलं ताट. लोकांनी रानडुकराचाच उपाय त्याला लावला: डबे, फटाके, मशाली. डुक्कर पळतं. हत्ती वैतागून उलटा फिरतो, आणि अंधारात तो केवढ्या वेगाने येतो हे समोर असल्याशिवाय कळत नाही. काहींनी कुंपणात चोरून करंट सोडला, त्यात हत्तीही मेले आणि माणसंही. आता सांगणं असं की अंतर ठेवा, कळपाला घेरू नका, पळवाट मोकळी सोडा, शेतातल्या खोपीत धान्य किंवा दारू ठेवू नका. हत्तीला त्याचा वास लांबून लागतो.

बेळगाव शहराला हा धडा ऑगस्ट 2022 मध्ये मिळाला. गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या शिरला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, त्याला शोधायला शिमोग्याच्या सक्रेबैलू तळावरून पाळीव हत्ती आणले, तरी तो सापडला नाही. माझ्या मते अशा वेळी बिबट्याहून जास्त धोका मोबाईल घेऊन जमणाऱ्या बघ्यांचा. कोंडीत सापडलेला बिबट्या निघायला वाट शोधतो, आणि वाटेत माणसंच उभी असतात.

2025 मध्ये तळेवाडीच्या कुटुंबांना भरपाई देऊन अभयारण्याबाहेर हलवायला सुरुवात झाली. आमगावातून 2024 च्या पावसात एका आजारी बाईला डोलीत घालून रानातून चालत न्यावं लागलं होतं, कारण धड रस्ताच नव्हता. अभयारण्यात रस्ता करायचा तर परवानगी लागते. तेव्हा स्थलांतराच्या चर्चेत जनावराची भीती एक मुद्दा, दवाखाना दुसरा, आणि पिढ्यांची जमीन व गावदेव सोडायचे कसे, हा तिसरा.