रोकोको कला

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये आकाराला आलेली व तेथून मध्य युरोपात पसरलेली एक कलाशैली. कालक्रमाने ती बरोक (सतराव्या शतकातील भव्य व नाट्यपूर्ण शैली) आणि नव-अभिजाततावाद (प्राचीन ग्रीक-रोमन कलेकडे वळणारी शैली) यांच्या मध्ये येते. तिचा काळ ढोबळमानाने १७०० ते १७७० असा धरण्याचा प्रघात आहे. मात्र सर्व देशांना तो सारखा लागू पडत नाही. पॅरिसमध्ये १७५५ नंतर ही शैली ओसरू लागली, बव्हेरियातील चर्चवास्तूंत ती १७७० च्या आसपासपर्यंत जोमाने चालू होती आणि पोर्तुगालच्या वसाहतींत तिची वळणे त्यानंतरही दिसतात. बागेतील कृत्रिम गुहा शंखशिंपले व खडे जडवून सजवीत, त्या कामाला फ्रेंचमध्ये ‘रोकाय’ म्हणत. शैलीचे नाव त्यावरून पडले. दाव्हिद या चित्रकाराच्या शिष्यवर्गात ते १७९६–९७ च्या सुमारास टवाळीखातर रूढ झाले असे सांगितले जाते. म्हणजे ज्यांनी ही शैली घडवली त्यांपैकी कोणीही स्वतःला रोकोको कलावंत म्हणवून घेतलेले नाही.

सर्वसामान्य वाचकाला रोकोको माहीत असते ते चित्रांमधून : वातो, बूशे, फ्रागोनार. शैलीचा जन्म मात्र चित्रफलकावर झालेला नाही. तो दिवाणखान्याच्या भिंतीवर, लाकूड कोरणारा, मुलामा देणारा आणि आरसे बसवणारा यांच्या हातून झाला. चित्रकारांनी तिला नंतर विषय पुरवले. प्रस्तुत नोंदीत म्हणून अंतर्गत सजावटीला अधिक जागा दिली आहे.

उगम : शैलीची सुरुवात नेमकी कोणी व कोठे केली याविषयी एकमत नाही. बरोकचीच ही उतरती अवस्था असून तिची मुळे इटलीत, विशेषतः बोरोमीनी या बरोक वास्तुशिल्पज्ञाच्या वक्राकार वास्तुरचनेत आहेत, असे मत बराच काळ प्रचलित होते. त्याला आधार म्हणून दोन नावे पुढे केली जात. झिल-मारी ओपनॉर (१६७२–१७४२) याने रोममध्ये काही वर्षे शिक्षण घेऊन तेथील बरोक वास्तूंची रेखाटने केली होती आणि झ्यूस्त-ओरेल मेसोनिए (१६९५–१७५०) हा तर जन्माने तूरिनचा. अमेरिकन कलेतिहासकार फिस्क किंबल याने १९४३ मध्ये हे मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला. त्याच्या मते शैलीचा खरा जनक पिएर लपोत्र हा होय. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या बांधकाम खात्यात झ्यूल आर्दुआँ-माँसार या प्रमुख वास्तुशिल्पज्ञाच्या हाताखाली तो आरेखनकार होता. झाँ बेरँ (१६४०–१७११) याची नाजूक वेलबुट्टी तोवर केवळ रंगवलेल्या सपाट नक्षीत वापरली जात असे. लपोत्रने १६९९ च्या सुमारास पॅरिसजवळील मार्ली येथील राजवाड्याच्या खोल्यांत ती उठावात आणली, शेकोटीवरील आरशाच्या चौकटीत गुंफली आणि चौकटीचा काटकोन मोडून टाकला. किंबलच्या दृष्टीने शैलीची सारी बीजे या एका कृतीत होती.

किंबलचे प्रतिपादन आज बहुतांशी मान्य होते, पण ते जसेच्या तसे नव्हे. खात्यातील आरेखनकाराने काढलेली रेखाटने ही त्याचीच कल्पना मानायची की माँसारची, हा प्रश्न उरतोच. शिवाय असममिती हे रोकोकोचे सर्वांत ठळक लक्षण लपोत्रच्या कामात जवळजवळ नाही. त्याची नक्षी हलकी झाली तरी दोन्ही बाजूंना तोलूनच राहते. असममिती येते ती १७२५–३५ या दशकात, मेसोनिए आणि निकोला पिनो (१६८४–१७५४) यांच्याबरोबर. पिनो काही वर्षे पीटर द ग्रेटच्या चाकरीत रशियात होता. परतल्यावर त्याने पॅरिसच्या हवेल्यांतील लाकूडकामात ती रुळवली. तेव्हा शैली दोन टप्प्यांत घडली, पहिला फ्रेंच राजखात्यातला व दुसरा सोनारकामाच्या व इटालियन संस्कारांतून आलेला, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मेसोनिए मुळात सोनार होता, ही बाब येथे दुर्लक्षिता येत नाही : चांदीच्या भांड्यावर जे वळण सहज निघते ते त्याने आरेखनांतून भिंतीलाही देऊ केले.

शैलीला अनुकूल अशी अभिरुची दरबारात आधीच तयार होत होती, याचे एक साधन उपलब्ध आहे. व्हर्साय येथे चौदाव्या लुईने आपल्या तेरा वर्षांच्या नातसुनेसाठी एक छोटा प्रासाद सजवण्यास सांगितले होते. माँसारने १६९९ मध्ये सादर केलेल्या आराखड्यावर राजाने शेरा मारला की विषय फार गंभीर आहेत, सगळीकडे बालपण पसरलेले असावे. पुढची सहा दशके फ्रेंच भिंतींवर जी बाळे, माकडे, पक्षी व फुलांच्या माळा दिसतात त्यांची नांदी या शेऱ्यात शोधण्याचा मोह अनेक लेखकांना झाला आहे.

राजाच्या मृत्यूनंतर (१७१५) राजप्रतिनिधी ऑर्लेआँचा ड्यूक फिलीप याने दरबार व्हर्सायहून पॅरिसला हलवला. सरदारांनी व सावकारांनी शहरात हवेल्या बांधल्या किंवा जुन्या हवेल्या नव्याने सजवल्या. दरबार १७२२ मध्ये व्हर्सायला परतला, हवेल्या मात्र राहिल्या. त्यांतील खोल्या लहान, बसण्याबोलण्याच्या सोयीच्या होत्या; त्यांत संगमरवरी स्तंभ व अवजड छतचित्रे शोभली नसती.

भिंतीचे तंत्र : फ्रेंच रोकोको खोलीच्या भिंतीला जमिनीपासून कंगोऱ्यापर्यंत ओक लाकडाच्या उंच, अरुंद फळ्यांचे आवरण असे. स्तंभ व अर्धस्तंभ काढून टाकलेले, कोपरे गोलसर केलेले आणि भिंत व छत यांना जोडणारा भाग अंतर्वक्र. त्यामुळे भिंत कोठे संपते हे चटकन कळू नये अशी योजना असे. कोरीवकाम झाल्यावर लाकडावर खडू व सरस यांचे अनेक थर चढवीत. थरांमुळे बोथट झालेली नक्षी बारीक हत्यारांनी पुन्हा कोरून धारदार करावी लागे, आणि हे दुसरे कोरणे पहिल्याइतकेच कसबाचे मानले जाई. त्यावर तांबड्या मातीचा हात, मग सोन्याचा वर्ख. वर्खाचा काही भाग अकीकाने घोटून चकचकीत करीत व काही मुद्दाम मंद ठेवीत. मेणबत्तीच्या हलत्या उजेडात हा फरक दिसतो. विजेच्या दिव्याखाली तो बराचसा हरवतो. फळ्यांची जमीन बहुधा पांढरी, क्वचित फिकट पिवळी, निळी वा हिरवट असे. मोठे आरसे हा या रचनेचा अविभाज्य भाग होय. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये काच ओतून मोठे तक्ते करण्याची पद्धत साधली. त्यानंतर शेकोटीवर व तिच्या समोरच्या भिंतीवर आरसे बसवून खोली अनंत असल्याचा भास निर्माण करता येऊ लागला.

या सर्वांचे उत्कृष्ट उदाहरण म्हणजे पॅरिसमधील ओतेल द सुबीझ या हवेलीतील लंबवर्तुळाकार दालन (सु. १७३५–४०). हवेलीचा मालक प्रिन्स द सुबीझ याने साठी ओलांडल्यावर, १७३२ मध्ये, एका एकोणीस वर्षांच्या मुलीशी दुसरा विवाह केला. त्यानंतर झेर्मँ बोफ्राँ (१६६७–१७५४) याने हवेलीत नवी दालने सजवली. प्रिन्सचे तळमजल्यावर, प्रिन्सेसचे त्याच्या वर. वरच्या दालनाच्या भिंतीत कमानींची रांग आहे. काही कमानींत खिडक्या, काहींत दारे, काहींत आरसे. कमानींच्या मधल्या वेड्यावाकड्या जागांत शार्ल-झोझेफ नात्वार याने सायकी या ग्रीक-रोमन पुराणकथेतील नायिकेच्या कथेवरील आठ चित्रे बसवली आहेत. या चित्रांपैकी एकाचीही कड सरळ नाही. त्यांच्या वरून सोनेरी जाळीदार नक्षी निळ्या छतावर चढत मध्यभागीच्या पुष्पाकृतीकडे जाते. चित्र, लाकूड व चुनेगच्ची यांपैकी नेमके कोण कोणाची चौकट आहे हे तेथे उभे राहूनही ठरवता येत नाही. हवेलीचे दर्शनी अंग मात्र कडक, स्तंभयुक्त, अभिजात वळणाचे आहे, आणि हे फ्रेंच रोकोकोचे सार्वत्रिक वैशिष्ट्य होय : तो घराबाहेर क्वचितच पडतो.

चित्रकला : आंत्वान वातो (१६८४–१७२१) याला फ्रेंच अकादमीने १७१७ मध्ये ‘सिथेरा बेटाची यात्रा’ या चित्राबद्दल सदस्यत्व दिले आणि उद्यानातील प्रणयी मेळाव्यांच्या चित्रांना स्वतंत्र नाव मिळाले. त्याने १७२०–२१ मध्ये एका चित्रविक्रेत्याच्या दुकानासाठी रंगवलेली पाटी आता बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ख राजवाड्यात आहे. तिच्या डाव्या बाजूस एक हमाल चौदाव्या लुईचे व्यक्तिचित्र पेटीत ठेवताना दिसतो. दुकानाचे नाव राजावरूनच असल्याने यात केवळ कोटी पाहावी, की संपलेल्या राजवटीवरील भाष्य, याबद्दल दोन्ही बाजूंनी लिहिले गेले आहे. पहिला अर्थ अधिक सुरक्षित वाटतो. फ्रांस्वा बूशे (१७०३–७०) याने चित्रांबरोबरच चित्रजवनिका (विणलेले चित्रमय भित्तिपडदे), नाट्यनेपथ्य व चिनी मातीच्या मूर्तींसाठीही आरेखने पुरवली. त्याचे खरे सामर्थ्य तेथेच असल्याचे काही अभ्यासक मानतात. झाँ-ओनोरे फ्रागोनार (१७३२–१८०६) याचा ‘झोका’ (सु. १७६७, वॉलेस संग्रह, लंडन) सर्वपरिचित आहे. व्हेनिसच्या रोझाल्बा कार्येरा (१६७३–१७५७) हिने १७२०–२१ मध्ये पॅरिसला दिलेल्या भेटीमुळे तेथे पेस्टलमधील (कोरड्या रंगखडूंनी काढलेल्या) व्यक्तिचित्रांची लाट आली.

दक्षिण जर्मनी : येथे शैली सरदारांच्या खोलीतून देवघरात शिरली आणि तिचा स्वभाव पालटला. फ्रांस्वा द क्यूव्हिये (१६९५–१७६८) हा बव्हेरियाच्या दरबारात खुजा विदूषक म्हणून आला होता. त्याची बुद्धी पाहून तेथील एलेक्टरने (शासकाने) त्याला वास्तुकला शिकण्यास पॅरिसला पाठवले. म्युनिकनजीक न्यूम्फेनबुर्खच्या उद्यानात त्याने बांधलेल्या आमालियेनबुर्ख या मृगयागृहातील (१७३४–३९) आरसेदालनात सोन्याऐवजी चांदी व फिकट निळा रंग आहे. त्याच्या कंगोऱ्यावर योहान बाप्टिस्ट त्सिमरमान याने चुनेगच्चीची झाडे, पक्षी व शिकारीची आयुधे उगवली आहेत. त्याचाच भाऊ डोमिनिकुस याचे व्हीस येथील यात्राचर्च (१७४५–५४) हा शैलीचा धार्मिक कळस मानतात. दोघे भाऊ वेसोब्रुन या गावाच्या परिसरातले. तेथील कारागीर कुटुंबे टोळ्यांनी फिरून चुनेगच्चीची कामे घेत. जिप्सम, चुना व वाळू यांच्या मिश्रणात थोडे सरसाचे पाणी घातले की ते सावकाश घट्ट होते. तेवढ्या अवधीत कारागीर छतावरच हाताने नक्षी घडवी. व्हीसचे घुमटासारखे दिसणारे छत दगडी नसून लाकडी सांगाड्यावरचे आहे, हलकेपणाचा आभास त्यामुळेच परवडला. व्यूर्ट्सबुर्खच्या राजवाड्यात व्हेनिसच्या त्येपोलोने (१६९६–१७७०) जिन्यावरील छतात चार खंडांचे भव्य भित्तिलेपचित्र रंगवले (१७५२–५३). बाल्टाझार नॉयमान याने बांधलेला आधाररहित घुमट मार्च १९४५ च्या बाँबवर्षावातही कोसळला नाही. मात्र या वास्तूंना रोकोको म्हणावे की उत्तर-बरोक, हा वाद मिटलेला नाही. अवकाशरचना बरोकची व अलंकरण रोकोकोचे, अशी विभागणी सोयीची ठरते.

इतरत्र : सॅक्सनीतील मायसन येथे १७१० पासून युरोपातील पहिले खरे पोर्सेलिन बनू लागले. तेथील केंडलर आणि न्यूम्फेनबुर्खचा बुस्टेली या मूर्तिकारांच्या वीतभर उंचीच्या मूर्तींत शैलीचे सर्व गुण सामावले आहेत. इंग्लंडमध्ये तिचा प्रसार मुख्यतः फर्निचर व चांदीकाम यांत झाला. पोर्तुगालमधून कोरीव व मुलामा दिलेल्या वेदींची परंपरा ब्राझीलला व गोव्याला पोहोचली. गोव्यातील अठराव्या शतकातील अनेक चर्चच्या वेदी व प्रवचनपीठे यांवर रोकोकोची वळणे स्थानिक सुतारांच्या हातची आहेत.

विरोध व ऱ्हास : शार्ल-निकोला कोशँ या खोदचित्रकाराने १७५४ मध्ये एका नियतकालिकात सोनार व लाकूडकोरक यांना उपहासगर्भ विनंती केली, की मेणबत्तीचे घर सरळ ठेवावे, म्हणजे मेणबत्तीही सरळ राहील. फ्रेंच विचारवंत दिदेरोने १७६५ च्या प्रदर्शनावर लिहिताना बूशेला नैतिकतेच्या मुद्द्यावर झोडपले. हर्क्युलेनियम (१७३८) व पाँपेई (१७४८) या ज्वालामुखीने गाडलेल्या रोमन शहरांतील उत्खननांनी प्राचीन रोमविषयीचे आकर्षण वाढवले होतेच. फ्रागोनारने पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द्यू बारी हिच्या नव्या मंडपासाठी काढलेली प्रेमविषयक मोठी चित्रे १७७३ च्या सुमारास परत करण्यात आली व त्यांच्या जागी अभिजात वळणाचा चित्रकार व्हियँ याची चित्रे लागली. परत आलेली चित्रे आज न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहेत. राज्यक्रांतीनंतर फ्रागोनारला लूव्हरच्या संग्रहालय समितीत काम मिळाले ते दाव्हिदच्या शब्दावर. हाच दाव्हिद तरुणपणी बूशेकडे शिकण्यासाठी गेला होता आणि बूशेने त्याला व्हियँकडे धाडले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रोकोको चित्रे पॅरिसच्या जुन्या बाजारात कवडीमोलाने विकली जात. लुई ला काझ या डॉक्टरने त्या काळात ती चिकाटीने गोळा केली आणि १८६९ मध्ये त्याच्या मृत्युपत्रान्वये वातोच्या पांढऱ्या वेषातील ‘पिएरो’सह त्याचा संग्रह लूव्हरला मिळाला.